ट्रॅक्टरची खांदमळणी

उस्मानपुऱ्यातल्या डॉक्टरनं माझ्या दोन्ही गुडघ्यांचे एक्सरे खिडकीच्या उजेडात धरले आणि म्हणाला, "मावशी, उजवा वयाच्या मानानं ठीक आहे. डाव्यातली गादी पार गेली. डाव्या पायावर कधी पडला होतात का?" मी म्हटलं, "पडले नाही. डावा पाय क्लचचा." त्याला वाटलं मी गंमत करते. बरोबर आलेल्या सुनेलाही तसंच वाटलं, कारण तिनं मला भाजी निवडताना आणि टीव्हीसमोर डुलक्या घेतानाच पाहिलंय. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "आई, तुम्ही खरंच ट्रॅक्टर चालवायच्या?" मी हो म्हटलं. तिनं पुढं काही विचारलं नाही. म्हणून हे इथं लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंतची. लिहायला वेळ लागतो, पण आता मला दुसरं काम नाही.

आमचं गाव वेरूळच्या अलीकडं, डांबरी रस्त्यापासून आत. घरात आम्ही चौघं. वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो. माय. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा भाऊ. आणि मी, गया. रान मुरमाड होतं, पण विहिरीला पाणी होतं म्हणून आबांनी मोसंबीची बाग लावली होती. पहाटे मायच्या जात्याच्या आवाजानं जाग यायची आणि त्याच्यामागोमाग गोठ्यातल्या घुंगरांचा आवाज. मग एका वर्षात आमचे दोन्ही बैल गेले. एकाला पान लागलं, म्हणजे साप चावला. दुसरा एकटा काय करणार, तो म्हातारा झाला होता, तो एका सकाळी उठलाच नाही. घुंगरं खुंटीला टांगली गेली आणि पहाटे फक्त जातं ऐकू यायला लागलं. आबा त्यानंतर कितीतरी दिवस जेवताना भाकरीचा शेवटचा तुकडा बाजूला काढून ठेवायचे. तो बैलांचा असायचा. मग त्यांच्या लक्षात यायचं, आणि तो तुकडा कुत्र्याला जायचा.

भाऊ तेव्हा वाळूजला एका कंपनीत लागला होता. कंपनीची बस रस्त्यावर यायची, तिथपर्यंत हा सायकलनं जायचा. त्यानं हट्ट धरला की आता बैल नको, यंत्र घ्या. खुलताबादकडच्या एका बागायतदारानं आपला जुना छोटा ट्रॅक्टर काढला होता. अंगानं अरुंद, झाडांच्या दोन ओळींमधून जाईल असा. रंग कधीचा उडालेला, सीटवर पोत्याची घडी. तो ट्रॅक्टर घरी आला त्या दिवशी मायनं ओवाळला, पण आबा उठलेच नाहीत. लिंबाखाली बसून दावं वळत राहिले. बैल नसताना दावी कशाला वळता, असं त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती. भाऊ आठ तास कंपनीत, दोन तास वाटेत. आबा यंत्राला हात लावणार नाहीत. मग चालवणार कोण? मी राहिले. भावानं सुट्टीच्या दोन दिवसांत खळ्यावर शिकवलं, तिसऱ्या दिवशी मी बागेत वखर घेऊन गेले. गावात चार दिवस हसले, पाचव्या दिवशी सवय झाली.

मला ट्रॅक्टरचं कौतुक होतं असं कुणी समजू नये. सोळा वर्षांची मी आणि कायम थकलेली. चौथीनंतर शाळा सुटली ती बैल राखण्यासाठी. तेव्हापासून शेण, पाणी, खुरपणी, सरपण, पुन्हा पाणी. रात्री पाठ टेकली की कूस बदलायचं त्राण नसायचं. ट्रॅक्टरवर बसून काम करायला मिळायचं. बसून! घरात बाईमाणूस बसलं की त्याला लगेच काहीतरी निवडायला देतात. तिथं सीटवर मला कुणी काही देऊ शकत नव्हतं. मला ती जागा सोडायची नव्हती, एवढंच.

पण माझे पाय आखूड. क्लच दाबायचा तर सीटच्या टोकाला सरकावं लागायचं, आणि सोडल्यावर पाय लोंबकळायचा. म्हणून मी तो क्लचवरच ठेवून द्यायचे, ओझं न देता, टेकवल्यासारखा. मला वाटायचं ओझं देत नाही. वर्षभरात क्लच घसरायला लागला. इंजिन ओरडायचं आणि चाकं जागेवर. ओढ्याची चढण आली की ट्रॉली मागं आणि आवाज पुढं. जळक्या दोरखंडासारखा वास यायचा. भावानं खालची दांडी दोनदा आवळली, तिसऱ्यांदा आवळायला आटेच उरले नव्हते.

आबांना हेच हवं होतं. संध्याकाळी भाकरी मोडता मोडता ते भावाला म्हणाले, "तुझं यंत्र वरीसभरात बसलं. बैल बारा वर्षं चालला महा."

"बसलं नाय आबा, प्लेट झिजली. बदलली की झालं."

"काहून झिजली?"

भाऊ माझ्याकडं बघायला लागला. मी ठेच्याकडं बघितलं.

"मंग असं करा," आबा म्हणाले, "एक डाव करा दुरुस्त. परत बिघडला तर मी तो भंगारात घालतो अन् कन्नडच्या बाजारातून जोडी आणतो. अन् ही चुलीपाशी. तिथं काय झिजवायचं ते झिजव म्हणावं." माय म्हणाली, "जेवू द्या की पोरीला." विषय संपला, पण ठरलं ते ठरलं.

भावानं शहरातून हमीदमिस्त्रीला आणलं. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. उस्मानपुऱ्यात नाल्याच्या बाजूला त्याचं टपरीवजा गॅरेज होतं. गोल पोट, कानावर बिडी, आणि बोटं इतकी काळी की नखं कुठं सुरू होतात कळायचं नाही. त्याच्यासाठी मायनं चहाची कपबशी वेगळी ठेवली होती, गोठ्याच्या कोनाड्यात. तेव्हा सगळ्या घरांत तसंच होतं. हे काही सांगण्यासारखं नाही, पण होतं ते लिहिलं. त्यालाही ठाऊक होतं. चहा झाला की तो कप स्वतःच विसळून कोनाड्यात ठेवायचा.

क्लच इंजिन आणि गिअरची पेटी यांच्यामध्ये असतो, त्याच्यापर्यंत जायला ट्रॅक्टर मधोमध उघडावा लागतो. मिस्त्रीनं पुढच्या धडाखाली लाकडाचे ओंडके लावले, मागच्याला जॅक दिला, भोवतीचे बोल्ट काढले आणि भाऊ आणि मी मागचं धड ओढलं. ट्रॅक्टर दोन तुकडे होऊन अंगणात उभा. कोंबड्या मधून फिरायला लागल्या. आतून त्यानं ताटाएवढी गोल प्लेट काढली. तिच्या दोन्ही अंगांना तपकिरी अस्तर असतं, लायनिंग म्हणतात त्याला. ते इतकं झिजलं होतं की ते बसवायचे रिबिट, म्हणजे बिनआट्याचे खिळे, वर आले होते.

"कौन चलाता इसको?" त्यानं विचारलं.

"मी."

"पाँव रख के चलाती ना?" मी पाय मागं घेतला. "हौ, रख के चलातीच. पेडल पे पाँव नै रखने का बेटी. दबाने का, छोड़ देने का. इंजन का पूरा जोर येइच प्लेट झेलती, बैल का कंधा समझो. तू उसके ऊपर दिनभर बैठ गई."

आबा लिंबाखाली होते. दावं वळणारे हात थांबले होते. मला वाटलं ते मी पाय ठेवते तेवढंच ऐकतायत.

भाऊ प्लेट शहरात नेऊन नवं लायनिंग लावून घेऊन आला तो दिवस पोळ्याच्या आदल्याचा. बरोबर आलेल्या मिस्त्रीला शेवटची बस गाठायची होती. त्यानं प्लेट धुतलेल्या पोत्यावर ठेवली आणि मला बजावलं, "सुबह बैठाता. इसको हात नै लगाने का. तेल का तो बिल्कुलच नक्को. सूखी रहना माँगता, नै तो पकड़तीच नै." मी मान हलवली. हे मी नीट ऐकलं होतं. न कळून घडलं असं मी आजही म्हणत नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं खांदमळणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू असतं तो बैलाचा खांदा तूप-हळदीनं चोळायचा आणि त्याच्या कानाशी जाऊन म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. त्या संध्याकाळी सगळ्या गोठ्यांतून हेच ऐकू येत होतं. आमच्या शेजारी आबांचे चुलतभाऊ राहायचे, तात्या. त्यांचे बैल नवे होते आणि तोंड जुनं होतं. ते भिंतीवरून ओरडले, "काय रे, यंदा कुणाचा खांदा मळतो? का ट्रॅक्टरला बाशिंग बांधतो?" आबांनी दावं खाली ठेवलं. आत जाऊन मायकडून तूप-हळदीची वाटी घेतली. मायला वाटलं असेल ते तात्यांच्या बैलांकडं निघालेत. मलाही तसंच वाटलं. मी ट्रॅक्टरजवळ बोल्ट खोलायचे पाने पुसत बसले होते. ते माझ्यापुढं येऊन उभे राहिले, हातात वाटी.

"याचा खांदा कोणता, गये?"

वर्षभरात ते त्या यंत्राजवळ पहिल्यांदा आले होते. मला सांगता आलं असतं, हे टायर, हे हँडल, लावा कुठंही. पण त्यांनी मिस्त्रीचं बोलणं ऐकलं होतं. ते प्लेटकडंच बघत होते. मी म्हटलं, "हाच. पर आबा, त्याला कोरडं ठेवायला सांगितलंय."

"सणाला कोरडं कुणाला ठेवतात?" असं म्हणून ते खाली बसले. दोन बोटं वाटीत बुडवून त्यांनी प्लेट मळली, आधी एक अंग, मग उलटून दुसरं. बैलाचा मळायचे तशीच, केसांच्या दिशेनं, हळू. मग वाकले आणि म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." उठताना माझ्याकडं न बघता म्हणाले, "आता त्याला काम करू दे," आणि हात धोतराला पुसत गेले.

मी काय केलं ते सांगते. मी ते पुसलं. आधी गोणपाटानं, मग भांडी घासतात तशी चुलीतली राख लावून. तूप निघालं असं मला दिसलं. सकाळी प्लेट कोरडी ठणठणीत वाटत होती आणि मिस्त्री घाईत होता. ती मीच त्याच्या हातात दिली. त्यानं लाकडाचा गुटका घालून ती मधोमध धरली, बोल्ट आवळले, दोन धडं जोडली. दुपारच्या आत ट्रॅक्टर अंगणात मागंपुढं झाला. मिस्त्री कप विसळून बसनं परत गेला. मी सुटले असं वाटलं.

दुपारी पुरणपोळी, येळवणीची आमटी, कुरडया. मी तीन पोळ्या खाल्ल्या. मग सगळे बैल मारुतीकडं निघतात. भावानं ट्रॅक्टरला झेंडूची माळ घातली, मागं ट्रॉली जोडली, ट्रॉलीत भावकीतली दहा-बारा पोरं चढली. आबा पुढं चालत होते, फेटा बांधून, रिकाम्या हातांनी. मारुतीचं देऊळ टेकाडावर. चढणीला लागले, आणि अर्ध्यावर इंजिन ओरडायला लागलं. मी ॲक्सिलेटर वाढवला, ट्रॅक्टर थांबला, मग मागं सरकायला लागला. मी दोन्ही ब्रेकवर उभी राहिले. पोरं उड्या मारून पळाली. मागची बैलजोडी बुजली. आणि माझ्या पायाखालून धूर यायला लागला. त्याला मागच्यासारखा जळक्या दोरखंडाचा वास नव्हता.

"आरं, कुणाच्या घरी पोळी करपली?" एक बाई म्हणाली. सगळे हसले. तात्या म्हणाले, "यालाच जेवण जास्ती झालं वाटतं." आबा वळले. धुराकडं बघितलं, नाक वर केलं, वास घेतला. मला वाटतं त्यांना तेव्हाच कळलं. ते तसेच पुढं चालत गेले, मारुतीला नारळ फोडला आणि दुसऱ्या वाटेनं घरी गेले. दोन जोड्या बैलांनी आमचा ट्रॅक्टर ओढून घरी आणला, हेही गावानं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ रजा टाकून मिस्त्रीला घेऊन आला. वाटेभर त्याला बोलला असणार, कारण मिस्त्री चहाला थांबला नाही. "मेरा बिठाया हुआ क्लच कब्बी नै फिसला," एवढंच तो म्हणत होता. "गाँव में मेरा नाम खराब हो गया. अब्बी खोलता, अब्बी देखता." पुन्हा ओंडके, पुन्हा जॅक. प्लेट बाहेर काढून त्यानं उजेडात धरली, वास घेतला, आणि एका रिबिटाच्या खळग्यात चाकूचं टोक घातलं. टोकावर पिवळं आलं. मी वरून पुसलं होतं, खळग्यांत राख गेली नव्हती.

"हल्दी," तो म्हणाला. चाकू सगळ्यांना दाखवला. "पच्चीस साल से क्लच खोल रा मैं. तेल देखा, ग्रीस देखा, चूहे का घर देखा. हल्दी पैली बार देख रा. किसने लगाई?"

भाऊ एकदम माझ्याकडं वळला. अंगणात आम्ही पाचच जण. माय उंबऱ्यात उभी. आबा लिंबाखाली, हातात दावं. त्यांच्या नखांत पिवळं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या प्रत्येक गड्याच्या नखांत पिवळं असतं, पण त्यांच्या घरी बैल असतात.

मी म्हटलं, "मी लावली."

मोठेपणा म्हणून नाही. मी हिशेब केला होता. आबांचं नाव निघालं असतं तर मिस्त्रीनं ते शहरात हसत सांगितलं असतं, तात्यांनी गावात सांगितलं असतं, आणि आबांनी त्या रागात यंत्र भंगारात घातलं असतं. यंत्र गेलं की माझी जागा गेली. माझं नाव निघालं तर मला खाली उतरवतील, पण यंत्र तरी राहील. उभं राहिलेलं यंत्र कुणाला तरी चालवावं लागतं. सतराव्या वर्षी मला एवढं कळत होतं.

"अक्कल हाय का गं तुला?" भाऊ ओरडला. "सांगितलं होतं ना त्यांनी? माह्या नोकरीतली रजा, यांची मेहनत... आता नाय बसायचं याच्यावर. आबा म्हणले तेच खरं. चुलीपाशीच बस." मायनं तोंड उघडलं. वाटी तिनं कुणाच्या हातात दिली होती ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं आबांकडं बघितलं. आबांनी दाव्याला आणखी एक पीळ दिला. मग ती आत गेली आणि तवा आपटल्याचा आवाज आला. आबा बोलतील म्हणून मी थांबले होते, हे खोटं कशाला सांगू. बराच वेळ थांबले होते. ते बोलले नाहीत. मिस्त्रीनं मात्र आबांच्या हातांकडं एकदा बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि चाकू पँटला पुसला. "जाने दो," तो भावाला म्हणाला. "बच्ची ने पूजा करी. दूसरा लाइनिंग डालते."

दुसरं लायनिंग आलं, ट्रॅक्टर जोडला गेला आणि उभा राहिला. मी चुलीपाशी. दहा-बारा दिवस मी घरात इतकी कामं केली की ट्रॅक्टरवरचा थकवा बरा वाटला. बागेत तण कमरेपर्यंत आलं, मोसंबी उतरायला आली होती. आबांनी तात्यांचे बैल एका दिवसापुरते मागून आणले. ते कसे मागितले असतील ते मला बघायचं नव्हतं. आमची झाडं आता वाढली होती, फांद्या खाली आल्या होत्या, परक्या बैलांची शिंगं अडकत होती. अंधार पडायच्या सुमाराला आबा परत आले ते हातांवर ओरखडे घेऊन. जेवले नाहीत. तुकडा बाजूला काढला आणि तसाच पाटावर ठेवून झोपले.

सकाळी मी भांडी घासत होते. ते येऊन माझ्या मागं उभे राहिले. "उठ," म्हणाले. "तण डोक्यावर गेलं."

मी हात धुतले. मला वाटलं खुरपं घ्यायचंय. ते ट्रॅक्टरकडं चालत गेले, चाकावर पाय ठेवला आणि चिखलपट्टीवर चढून बसले, दोन्ही हातांनी घट्ट धरून. त्याच्यावर ते कधी बसले नव्हते. मी सीटवर बसले, टोकाला सरकले, चालू केला. ओढ्याच्या चढणीला क्लचनं पकडलं आणि ट्रॅक्टर सरळ वर गेला. वर आल्यावर आबा इंजिनाच्या आवाजावर ओरडले, "पाय उचल! त्या मिस्त्रीनं सांगितलंय ना, पाय उचल!"

मी उचलला. तेव्हापासून पाय अधांतरी धरायला लागले. प्लेट टिकली, गुडघा गेला.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी ट्रॅक्टर लावून ओसरीवर पाय लांब करून बसले होते. उठवत नव्हतं. आबा घरातून वाटी घेऊन आले, तूप-हळदीची. ट्रॅक्टरकडं गेले नाहीत. वाटी माझ्याजवळ ठेवली, म्हणाले, "गुडघ्याला लाव," आणि दावं घेऊन लिंबाखाली गेले. हळदीच्या त्या गोष्टीबद्दल त्यांनी मरेपर्यंत शब्द काढला नाही. मीही काढला नाही. भावाला अजून वाटतं ती मीच लावली होती.

लग्न होऊन मी त्या घरातून निघेपर्यंत चार पोळे गेले. चारही वर्षी वाटी आली. डॉक्टरनं आता मलम दिलंय, त्याचा गुण येत नाही. तुपाचाही आला नव्हता. पण वाटी घरात परत जायची ती रिकामीच जायची.